गळ्यातलं कार्ड आणि ४८० किलोमीटर

ॲम्ब्युलन्सवर काम करताना जे गेले त्यांच्या आठवणीत एक सायकल राईड निघते. तिच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, तुम्ही कोणाच्या आठवणीत सायकल चालवणार? मी दादांचं नाव लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला. चार दिवसांनी फोन आला, बाई अगदी नीट बोलत होत्या, म्हणाल्या हे नाव आमच्या यादीत नाहीये, यादीतलं दुसरं एखादं नाव तुम्हाला दिलं तर चालेल का? मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला, आणि मग दोन दिवस नुसती धुमसत होते.

आधी दादा कोण ते सांगते. मी ॲम्ब्युलन्सवर काम करते, ११ वर्षं झाली. मी मागे पेशंटजवळ आणि पुढे स्टिअरिंगवर दादा, अशी आमची जोडी ६ वर्षं होती. सख्खे नव्हेत, वयाने मोठे म्हणून सगळेच त्यांना दादा म्हणायचे. मागे मी पेशंटला सलाईन लावत असले की न सांगता गाडी हळू व्हायची, स्पीडब्रेकर आला की पुढून आवाज यायचा "धर गं", एवढंच. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल की पुढचा माणूस चांगला असला की मागच्याचं अर्धं काम हलकं होतं.

दादांच्या शेवटच्या नाईटला आम्हाला ओळीने कॉल होते, त्यात दोन कार्डिअ‍ॅक अरेस्ट, म्हणजे हृदय बंद पडलेले पेशंट, आणि पहाटे एक जाडजूड पेशंट चौथ्या मजल्यावरून जिन्याने खाली आणला कारण लिफ्ट बंद होती. स्ट्रेचरचं खालचं टोक दादांच्या हातात होतं, म्हणजे सगळं वजन त्यांच्यावर. सकाळी शिफ्ट संपली, घरी गेले, झोपले, दिवसभर छातीत जळजळतंय म्हणत होते, अ‍ॅसिडिटी म्हणून गोळी घेतली (दिवसातून तीनदा लोकांना आम्हीच सांगतो की असं करू नका) आणि रात्री दोनच्या सुमाराला गेले. वहिनींनी आमच्याच नंबरला फोन केला होता, गाडी आमच्याच स्टेशनची गेली. मी सुट्टीवर होते.

शिफ्ट संपल्यापासून जाईपर्यंत १९ तास. पण ड्युटी संपलेली होती म्हणून ते "ड्युटीवर गेलेले" नाहीत, म्हणून यादीत नाव नाही. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. त्या दोन दिवसांत मी रागाच्या भरात बरंच वाचून काढलं. अमेरिकेत २००३ साली याच कारणासाठी कायदा झालाय, सार्वजनिक सेवेतला फायरमन, पोलीस किंवा ॲम्ब्युलन्सवाला ड्युटीवर असं नेहमीपेक्षा जास्त ताणाचं किंवा मेहनतीचं काम करून आला आणि त्यानंतर २४ तासांच्या आत हार्ट अ‍ॅटॅकने किंवा स्ट्रोकने गेला तर तो मृत्यू ड्युटीवरचाच धरायचा. म्हणजे हे एकट्या माझ्या डोक्यातलं खूळ नव्हतं, कोणीतरी आधी हा विचार केलेला होता, त्यासाठी भांडलेलं होतं.

मग माझी एक मैत्रीण आहे, तीही आमच्याच लाईनमधली, तिने मला सरळच विचारलं, "दादांचं नाव नाही म्हणून तू घरी बसलीस तर ज्यांची नावं आहेत त्यांनी तुझं काय बिघडवलंय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्या बाईंना फोन केला, म्हटलं द्या जे नाव असेल ते.

राईड म्हणजे काय तर पाच दिवसांत ४८० किलोमीटर सायकल, ॲम्ब्युलन्सवर काम करताना जे गेले त्यांच्यासाठी. प्रत्येक सायकलवाल्याच्या गळ्यात एका गेलेल्या माणसाचं कार्ड. जमलेला निधी त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी आणि जे अजून कामावर आहेत पण आतून मोडलेत त्यांच्या समुपदेशनासाठी. ही मूळ कल्पना अमेरिकेतली आहे. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या फायर डिपार्टमेंटची ३४३ माणसं गेली, त्यात पॅरामेडिकही होते, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, अशी पहिली राईड व्हर्जिनियातल्या रोआनोकपर्यंत निघाली. त्या लोकांना मडी एंजल्स म्हणतात, चिखलातले देवदूत. आणि रोआनोकच का तर त्याचीही एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. १९०९ साली तिथल्या नदीत एक होडी उलटली आणि दोन माणसं बुडाली, काठावर सगळे नुसते बघत उभे, कोणालाच काय करायचं ते माहीत नाही. त्या बघणाऱ्यांत नऊ वर्षांचा ज्युलियन वाईज होता. मोठा होऊन तो रेल्वेत नोकरीला लागला आणि १९२८ मध्ये त्याने बरोबरच्या माणसांना घेऊन रोआनोकला स्वयंसेवकांचं बचाव पथक काढलं. म्हणजे १९ वर्षं त्या पोराने ते मनात धरून ठेवलं होतं.

असो. माझ्यापुढचा प्रश्न होता सायकल. शाळा सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता, आणि ११ वर्षं चालत्या गाडीत वाकून काम केल्यामुळे कंबर आधीच बोलत होती. हातात १६ आठवडे होते. राईडच्या लोकांनी एक तक्ता दिला होता, आठवड्यात तीन दिवस सायकल, त्यातला एक लांब पल्ला, आणि दर आठवड्याला आधीच्यापेक्षा फार तर दहा टक्के जास्त. तक्ता चांगला होता पण तो रात्री झोपणाऱ्या माणसासाठी होता. नाईट करून आल्यावर सायकल चालवायची नाही हे मी तिसऱ्या आठवड्यात शिकले, सायकल चालवता चालवता डोळा लागला आणि रस्त्याच्या कडेच्या मातीत गेले, खरचटण्यावर भागलं. त्यानंतर नियमच केला की नाईट असली तर आधी झोप, मग सायकल, आणि झोप झाली नसेल तर त्या दिवशी सायकल नाही म्हणजे नाही. ॲम्ब्युलन्सवाले जे मरतात ते किती तरी रस्त्यावरच मरतात, गाडी ठोकून, किंवा रस्त्याच्या कडेला पेशंट उचलताना मागून कोणी येऊन. त्यांच्या आठवणीत निघालेल्या माणसाने डुलक्या काढत सायकल चालवणं म्हणजे त्यांचाच अपमान आहे, असं मला मनापासून वाटलं.

पहिला महिना गुडघे दुखले. मला वाटलं वय झालं, पण चूक वेगळीच होती. सीट खाली होती आणि मी जड गिअर रेटत होते. सायकलच्या दुकानातल्या मुलाने सांगितलं की पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्याच्यावर ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे, मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात थोडीशी वाक राहते तेवढीच हवी. सीट बरीच वर घ्यावी लागली. आणि गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवायचे, मिनिटाला ८० ते ९० फेरे. हे मला लगेच कळलं कारण ठेका मोजणं आमच्या अंगात मुरलेलं असतं. हृदय बंद पडलेल्या पेशंटला सीपीआर देताना मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, झोपेत उठवलं तरी हात त्याच ठेक्यात पडतात. मी मनात मोजत मोजत पाय फिरवायला लागले आणि दोन आठवड्यांत गुडघे शांत झाले. बसायची जागा दुखायची ती मात्र दुखतेच, गादीवाली सायकलची चड्डी घ्या, आत दुसरं काही घालू नका आणि क्रीम लावायला लाजू नका, एवढंच सांगेन. करंगळी बधिर व्हायला लागली तर हँडलवर हात एकाच जागी दाबून ठेवू नका, तिथून नस जाते.

निधी गोळा करणं मला सायकलपेक्षा जड गेलं. लोकांकडे पैसे मागायची सवय नाही. आधी मी एक मेसेज बनवला, त्यात राईड, किलोमीटर, निधी कशासाठी वगैरे सगळं होतं आणि कोणी फारसं काही दिलं नाही. मग एका रात्री मी दादांबद्दल लिहिलं, चौथा मजला, जिना, स्ट्रेचरचं खालचं टोक, आणि तोच मेसेज लोकांनी पुढे पाठवला. एका पेशंटच्या मुलाने पैसे पाठवले आणि खाली लिहिलं, आईला घेऊन जाताना पुढे जे बसले होते ते हेच का. हेच होते. दादांचं नाव यादीत नव्हतं तरी यादीतल्यांसाठी निम्म्याहून जास्त पैसे दादांच्या नावावर जमले, ही गोष्ट मी त्या फोनवाल्या बाईंना नंतर सांगितली.

राईडच्या आदल्या संध्याकाळी सगळे जमलो. ४० सायकली, मागे दोन सपोर्ट गाड्या आणि त्यांच्या मागे एक ॲम्ब्युलन्स. त्या ॲम्ब्युलन्सच्या दारावर नेहमीचा तो निळा सहा टोकांचा तारा होता, मध्ये काठी आणि साप. आपण रोज त्याच्या शेजारून चढतो उतरतो पण त्या सहा टोकांना सहा अर्थ आहेत हे नव्या मुलांना माहीत नसतं. कोणाला तरी काहीतरी झालंय हे लक्षात येणं, ते कळवणं, गाडी पोचणं, जागेवरची मदत, वाटेतली देखभाल आणि शेवटी हॉस्पिटलच्या ताब्यात देणं. त्या संध्याकाळी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी हे सहा टप्पे सांगितले आणि म्हणाले की जी नावं तुम्ही उद्या गळ्यात घालणार आहात ती माणसं या सहांपैकी कुठल्या ना कुठल्या टोकावर गेलीत. कोणी पोचताना, कोणी जागेवर, कोणी वाटेत. काही कोविडमध्ये, पेशंटकडून घेतलेल्या श्वासात.

मग कार्डं वाटली. माझ्या वाट्याला २७ वर्षांचा एक मुलगा आला. नाव इथे लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. पत्त्याच्या पानाएवढं प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड, फोटोत तो युनिफॉर्ममध्ये आणि कॉलर एका बाजूची आत दुमडलेली. फोटो काढणाऱ्याने सांगितलं नाही बहुतेक. खाली नाव, जन्मतारीख, शेवटच्या ड्युटीची तारीख. मागच्या बाजूला दोन ओळी, चौकात हिरव्या सिग्नलवर जात असताना बाजूने आलेल्या ट्रकने ॲम्ब्युलन्सला धडक दिली. पेशंट वाचला. ते "पेशंट वाचला" कोणी लिहायला सांगितलं असेल माहीत नाही, पण मी ते पाचही दिवस सारखं उलटून वाचत होते.

रोज सकाळी निघायच्या आधी हजेरी. नाव आपलं नाही घ्यायचं, कार्डावरचं. नाव घेतलं की ज्याच्या गळ्यात ते कार्ड त्याने सायकलची घंटी वाजवायची. घंटी सक्तीची होती, भारीतल्या रेसच्या सायकली घेऊन आलेल्या लोकांनीही साधी घंटी बसवून घेतली होती. अजून उजाडलेलं नसायचं, हेल्मेटचे दिवे, थंडीने जरा कुडकुडत सगळे एक पाय जमिनीवर टेकून उभे, आणि एक नाव, एक घंटी, एक नाव, एक घंटी. पहिल्या दिवशी माझ्या कार्डावरच्या मुलाचं नाव आलं तेव्हा माझा अंगठा घंटीवरून घसरला आणि आवाजच आला नाही. नाव वाचणाऱ्या बाई थांबून राहिल्या. पुढे नाही गेल्या. मी दुसऱ्यांदा वाजवली तेव्हाच पुढचं नाव घेतलं.

टप्पे असे होते, १०५, ९२, ११८, ९६ आणि शेवटी ६९ किलोमीटर. शर्यत अजिबात नाही, सगळ्यात हळू जो असेल त्याच्या वेगाने सगळे. हे ऐकायला सोपं वाटतं पण आम्हा लोकांना ते फार कठीण गेलं, आमचं सगळं आयुष्य मिनिटांवर चालतं, कॉल आल्यापासून गाडी हलेपर्यंत किती सेकंद गेले त्याचा हिशोब द्यावा लागतो. पहिल्या दिवशी पुढचे चारपाच जण सारखे सुटायचे आणि लीडर त्यांना हाक मारून मागे घ्यायचा. दुपारनंतर म्हणाला, आज कुठेही उशिरा पोचलो तरी कोणी मरणार नाहीये, तेवढं डोक्यातून काढा. त्यानंतर सगळे शांत झाले.

दोन दोनच्या रांगेत जायचं. पुढच्याने खड्डा दिसला की हाताने दाखवायचा आणि ओरडायचं, मागच्याने "गाडी" म्हणून ओरडायचं, आणि तो शब्द रांगेतून पुढे पुढे जातो. आपलं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधी घुसवायचं नाही, जरा लागलं की मागचा पडतो. समोरच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कमी लागतो, वेग चांगला असेल तर पाव हिस्सा ताकद सहज वाचते, म्हणून पुढची जोडी वारा खाते आणि ठराविक वेळाने बाजूला होऊन मागे येते. हे तर आमचंच होतं! सीपीआर देणारा दर दोन मिनिटांनी बदलायचा, का, तर त्याला स्वतःला दमल्यासारखं वाटत नसतं तेव्हाही दाब कमी पडायला लागलेला असतो. पुढे असताना अगदी तसंच होतं, मला वाटायचं मी अजून नेईन आणि लीडर म्हणायचा, आता बास, मागे जा. पहिल्यांदा राग आला. मागे आल्यावर पाय सोडले तेव्हा कळलं की पोटऱ्या थरथरत होत्या.

तिसरा दिवस मी कधी विसरणार नाही. ११८ किलोमीटर आणि समोरून वारा, सकाळी निघालो तेव्हापासून. उतारावरही पेडल मारावं लागत होतं. मला भूक लागत नव्हती म्हणून मी खाल्लं नाही, आणि इथेच चुकले. शरीरात साठवलेली साखर जोरकस कामाला दीड-दोन तास पुरते, पुढे तोंडाने टाकत राहावं लागतं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, भूक लागो न लागो. मला हे माहीत होतं. ७० किलोमीटरच्या आसपास मी गप्प झाले. मग मला सगळ्यांचाच राग यायला लागला, समोर जो होता त्याच्या मागच्या दिव्याचा राग, यादी करणाऱ्यांचा राग, दादांचा सुद्धा, की छातीत दुखत होतं तर मला फोन का नाही केला. डोळे भरून आले आणि मला वाटलं वाऱ्यानेच. शेजारी चालवणारा पन्नाशीचा माणूस होता, तोही ॲम्ब्युलन्सवालाच, त्याने विचारलं आज वार कोणता? मी उत्तर शोधत राहिले. त्याने लगेच हात वर केला आणि सगळी रांग थांबवली.

मला रस्त्याकडेला बसवलं, कपाळाला हात लावला, घामाने गार. बोटाला सुई टोचून साखर बघितली, केळं हातात दिलं, गोड पाणी दिलं. पेशंटला आम्ही जे प्रश्न विचारतो तेच सगळे त्याने मला विचारले, त्याच आवाजात, हळू आणि एकेक. ११ वर्षं मी लोकांकडे वरून बघत आलेय, ते झोपलेले आणि मी त्यांच्यावर वाकलेली, त्या दिवशी मी खाली होते आणि वर हेल्मेट घातलेला एक चेहरा. आपला आवाज खालून कसा ऐकू येतो हे मला पहिल्यांदा समजलं. खरंच धीर येतो. पेशंटशी बोलत राहायचं, कारण नसलं तरी बोलत राहायचं, असं दादा म्हणायचे, मला वाटायचं गाडी चालवणाऱ्याला काय कळतंय, त्यांचं बरोबर होतं.

पंधरावीस मिनिटांनी मी उठले. सपोर्ट गाडीत बसायचा पर्याय होता आणि मागची ॲम्ब्युलन्स तर होतीच, दार उघडून उभी. कोणी आग्रह केला नाही, कोणी अडवलं पण नाही. मी सायकलवर बसले आणि उरलेले ४८ किलोमीटर दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाकत पूर्ण केले. सगळे ३९ जण माझ्या वेगाने आले.

वाटेत ठिकठिकाणी ॲम्ब्युलन्स स्टेशनवरची मंडळी रस्त्यावर येऊन उभी राहायची. गाडीचे दिवे चालू, सायरन बंद. त्यांच्यासमोरून जाताना आम्ही सगळे घंट्या वाजवायचो, ४० घंट्या एकदम. चौथ्या दिवशी एका ठिकाणी आम्ही पोचतच होतो आणि उभ्या असलेल्यांतल्या दोघांना कॉल आला. वायरलेस बोलला, त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आमच्याकडे बघून हात केला आणि गाडीत चढले. गाडी सुरू झाली, आता सायरन चालू. लीडरने आम्हाला कडेला घेतलं आणि ती आमच्या रांगेच्या शेजारून निघून गेली. कोणी घंटी वाजवली नाही, कोणी काही बोललं नाही, सगळे त्या गाडीच्या मागच्या दाराकडे बघत राहिलो ती वळेपर्यंत. मला आतली ती मुलगी दिसली, हातमोजे चढवत होती. नंतर बराच वेळ माझ्या मनात तेच, की ती परत येईल ना.

त्याच संध्याकाळी घरची माणसं भेटायला येणार होती, ज्यांना जमेल ती. मी मनाची तयारी करून बसले होते आणि तरी त्या मुलाची बहीण समोर आली तेव्हा मला काही सुचेना, कारण तिचा चेहरा अगदी कार्डावरचाच. ती आधी माझ्याशी बोललीच नाही, तिने माझ्या गळ्यातलं कार्ड हातात घेतलं, वाऱ्याने फीत पिळली होती ती सरळ केली, कार्डावर धुळीचे डाग होते ते ओढणीने पुसले आणि मग मला विचारलं, "ताई, जड नाही ना झालं?"

मी नाही म्हणाले. मग आम्ही बसलो. ती सांगत होती की तो घरी आला की आधी अंघोळ आणि मग अर्धा तास कोणाशी बोलायचा नाही, आई चिडायची, पण नंतर कळायचं की त्या दिवशी काहीतरी वाईट बघून आलाय. दुमडलेल्या कॉलरबद्दल मी विचारलं तर हसली, म्हणाली ती नेहमीच तशी असायची, आईने कार्डासाठी दुसरा फोटो दिला होता पण मीच हा पाठवला. मग तिने विचारलं तुम्ही याला ओळखत होता का? मी खरं ते सांगितलं, की मी दुसऱ्याचं नाव घेऊन आले होते आणि ते मिळालं नाही म्हणून हे कार्ड आलं. सांगताना मला भीती वाटत होती की तिला वाईट वाटेल. तिने दादांबद्दल सगळं विचारलं, जिना, स्ट्रेचर, १९ तास, सगळं, आणि म्हणाली, "मग यांचं नाव लावायला काय लागतं ते विचारलंत का तुम्ही, की नुसत्या चिडलात?"

मी विचारलं नव्हतं. मी खरंच नुसती चिडले होते.

शेवटचे ६९ किलोमीटर मला फारसे आठवत नाहीत, हवा चांगली होती आणि वारा मागून होता. शेवटी मैदानात सगळे उभे राहिलो, घरची माणसं समोर. कंट्रोल रूममधून एक मुलगी आली होती, हातात वायरलेस, आणि तिने शेवटचा कॉल दिला. हा रिवाज बऱ्याच ठिकाणी आहे, गेलेल्या माणसाला नेहमीसारखा कॉल करायचा, उत्तर येत नाही, परत करायचा, परत उत्तर येत नाही, तिसऱ्यांदा करायचा आणि मग सांगायचं की ड्युटी संपली. तिने नावं घेतली तेव्हा तिचा आवाज अजिबात हलला नाही, कंट्रोल रूमचा आवाज असतो तसाच, सरळ. मधल्या त्या शांततेत लोक रडत होते. मी रडले नाही, माझे कान उत्तराची वाट बघत होते, इतकी वर्षं सवय आहे की कॉल दिला की कोणीतरी उचलतंच.

कार्ड मी बहिणीच्या हातात दिलं. राईडचा नियमच आहे, कार्ड घरी जातं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्या फोनवाल्या बाईंना फोन केला आणि विचारलं काय लागतं. बरंच लागतं, पण अशक्य काही नाही. शेवटच्या शिफ्टची कॉलची नोंद, कुठला पेशंट किती वाजता आणि काय काम केलं त्याचा तपशील, डॉक्टरांचा दाखला, घरच्यांची संमती, बरोबर काम करणाऱ्याचं लेखी निवेदन. समिती बसते आणि ठरवते, आणि त्या बाईंनी सांगितलं की २४ तासांचा मुद्दा तुम्ही स्वतःच्या शब्दांत मांडा, तो याआधी कोणी इथे मांडलेला नाही. वहिनींकडे मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्या नको म्हणाल्या, आता परत ते सगळं उकरायचं नाही म्हणाल्या. दुसऱ्यांदा मी त्यांना त्या बहिणीबद्दल सांगितलं, फीत सरळ केली ते सांगितलं, तेव्हा त्यांनी सही केली आणि फोटो शोधायला कपाट उघडलं.

निवेदन लिहायला मला चार रात्री लागल्या. लॉगबुकची झेरॉक्स जोडायची होती म्हणून स्टेशनवर जाऊन ते जुनं रजिस्टर काढलं. त्या शिफ्टची शेवटची ओळ माझ्याच अक्षरात आहे, सकाळी ७ वाजून १० मिनिटं, गाडी धुऊन लावली, सिलिंडर बदलला, आणि खाली आमच्या दोघांच्या सह्या.